दिवा एकीकडे, दोष दुसरीकडे

प्रश्न : माझा मुलगा ऑकलंडला असतो. तेथे त्याने १९९१ सालची निस्सान स्कायलाइन जीटीएस-टी घेतली असून तिची मागची चाकेही ‘सुपर हायकास’ यंत्रणेने किंचित वळतात. निघाल्यावर पाच-दहा मिनिटांनी हायकासचा दिवा लागतो, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडीचा मागचा भाग डोलतो आणि मागचा डावा टायर आतल्या कडेने झिजला आहे. मूळ स्टिअरिंग व्हील काढून त्याने लहान व्हील बसवले आहे. तेथील मेकॅनिक ही यंत्रणाच बंद करून लॉक बार (मागची चाके वळू न देणारा पक्का दांडा) टाकायला सांगतो. मी बडोद्यात २५ वर्षे गॅरेजात काढली, पण अशी गाडी कधी हाताखालून गेली नाही. काय सांगावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आपण तिन्ही तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत आणि त्या मेकॅनिकनेही त्यांना एकच रोग समजलेले दिसते, मला मात्र येथे दोन वेगळे दोष दिसतात. संगणकाला जे कळते तेवढ्यासाठीच दिवा लागतो. झिजलेला बॉल जॉइंट (दांडा चाकाला जोडणारा गोल सांधा) त्याला कधीच कळत नाही.

दिव्यापासून सुरुवात करू. या गाडीत वेग आणि स्टिअरिंग किती फिरले हे पाहून तो संगणक, म्हणजे नियंत्रक, तेलाच्या दाबाने मागची चाके जास्तीत जास्त सुमारे १ अंश वळवतो. वळणाच्या आरंभी क्षणभर उलट दिशेने आणि लगेच पुढच्या चाकांच्या दिशेने. स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर व्हीलच्या मागेच असतो. बाजारातल्या साध्या बॉसला (नवे व्हील दांड्यावर बसवणाऱ्या तुकड्याला) सेन्सरच्या कड्यात अडकणाऱ्या खुंट्या नसतात, त्यामुळे व्हील फिरते पण कडे जागचे हलत नाही. गाडी धावते आहे आणि स्टिअरिंग मात्र एकदाही वळलेले नाही, हे काही मिनिटे पाहिल्यावर नियंत्रक दिवा लावतो. आपल्या मुलाचा दिवा किल्ली फिरवताच न लागता थोड्या वेळाने लागतो, म्हणून माझा पहिला संशय त्या नव्या व्हीलवरच आहे. मूळ व्हील परत बसवून एक फेरी मारावी. त्यासाठी पैसाही लागत नाही. तरीही दिवा लागला तर बॅटरी व अल्टरनेटरचा व्होल्टेज, स्टिअरिंग ऑइलची पातळी आणि गाडीखालून मागे जाणाऱ्या नळ्यांची गळती पाहून मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या पद्धतीने दिव्याच्या लुकलुकीतून दोषाचा कोड वाचावा.

डोलण्याचा शोध जॅकवर घ्यावा लागेल. गाडी मागून उचलून स्टँडवर नीट टेकवावी, इंजिन बंद ठेवावे आणि चाक आडवे, म्हणजे घड्याळातल्या तीन व नऊ या जागी धरून हलवावे. तेलाचा दाब नसताना मागची चाके वळवणाऱ्या सिलिंडरमधली ताठ स्प्रिंग चाके सरळ रेषेत धरून ठेवते, त्यामुळे चाक सहज हलता कामा नये. एकच चाक खटखटत असेल तर त्या बाजूच्या टाय रॉडच्या (सिलिंडरपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटवर बोट ठेवावे, प्ले म्हणजे ढिलेपणा बोटाला जाणवतो. एक चाक हलवताना दुसरेही त्याच्याबरोबर जात असेल, तर दोष सिलिंडरचा किंवा त्याच्या बैठकीचा आहे. बारा व सहावर धरूनही खटखट आली, तर आधी व्हील बेअरिंग पाहावे. डावा टायर एकटाच आतून झिजला आहे, यावरून डाव्या जॉइंटची तपासणी मी पहिली करीन.

(१९८७ सालच्या होंडा प्रिल्यूडमध्ये मागची चाके वळवण्याचे काम पुढून मागे जाणारा दांडा करीत असे, संगणक नव्हताच, त्या गाडीबद्दल कोणी दिलेला सल्ला येथे लागू करू नये.)

जॉइंट बदलल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करावेच लागेल. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागचा अक्ष एकसंध असल्याने अलाइनमेंटवाला पुढचीच चाके जुळवतो, आणि ती सवय येथे उपयोगाची नाही. या गाडीत मागचा टो (चाके आत किंवा बाहेर किती तिरपी आहेत तो कोन) त्याच टाय रॉडवरून जुळवायचा असतो.

लॉक बारविषयी माझे मत असे की तो आत्ता बसवू नये. तो सिलिंडरची हालचाल थांबवतो, पण अनेक बारमध्ये बाहेरचे जॉइंट जुनेच राहतात, मग दिव्याची तार काढली जाते आणि डोलणे तसेच राहते. सिलिंडरच गळत असेल आणि दुरुस्त सुटा भाग मिळत नसेल, तर बार बसवायला माझी हरकत नाही. मात्र नवे जॉइंट घालून आणि मागचा टो नव्याने जुळवूनच.