वीज तुमची, भिंत सोसायटीची

प्रश्न : आमची कोथरूडमधली सोसायटी ३६ फ्लॅटची, १९९८ सालची. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायला समिती नाहरकत देत नाही. कारणं तीन : आग लागेल, ट्रान्सफॉर्मर झेपणार नाही, आणि उद्या सगळेच मागतील. पार्किंग मी बिल्डरकडून ७५ हजार देऊन विकत घेतलं आहे, पावती आहे. तूर्त गॅलरीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडून रात्री गाडी चार्ज करतो. त्याबद्दल समितीने पाच हजार दंडाची नोटीस लावली. कायदा माझ्या बाजूने आहे ना?

उत्तर : निम्मा आहे. उरलेला निम्मा तुम्ही त्या वायरीने घालवताय, म्हणून आधी ती वर ओढून घ्या. आजच.

हे मी काळजीपोटी कमी आणि वकील म्हणून जास्त सांगतोय. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांत एक्स्टेन्शन कॉर्ड, अॅडॅप्टर आणि हलवता येणारं सॉकेट सरळ वर्ज्य आहे. तुमची गाडी तासन्‌तास सलग वीज ओढते. इस्त्री दहा मिनिटं चालते, गीझर वीस. घरातलं पंधरा अँपिअरचं साधं सॉकेट इतका वेळ पूर्ण भार घेण्यासाठी केलेलं नसतं. तीन मजले लोंबणारी वायर, ऊन-पावसाने कडक झालेलं तिचं आवरण, मध्ये एक जोड. उद्या काही झालं तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो त्या जोडाचा काढील. आणि समिती सहकारी संस्थांच्या निबंधकांपुढे तोच फोटो ठेवून म्हणेल, "आगीची भीती आम्ही उगाच घातली नव्हती."

आता पावतीबद्दल. वाचून वाईट वाटेल, पण ती फाइलच्या तळाशी ठेवा. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये स्पष्ट केलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा आहे, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. तुमची इमारत जुन्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या काळातली, त्यामुळे हा निकाल नेमका तुम्हालाच लागू होतो. 'मी विकत घेतलंय' असं तावातावाने म्हणालात, तर समोरचा वकील हा निकाल टेबलावर ठेवील आणि तुमचा मूळ मुद्दा बाजूला पडेल. तुम्हाला हवं आहे सोसायटीचं वाटपपत्र. ती जागा वर्षानुवर्षं तुमच्या नावाने नोंदवलेली असेल, तुम्ही पार्किंग शुल्क भरत असाल, तर ठरावाची प्रत आणि पावत्या काढा. मालकी नसली तरी ती जागा वापरण्याचा हक्क आहे, आणि चार्जरला तेवढा पुरतो.

तुमची भक्कम बाजू विजेची आहे. ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना (२०२२ च्या आणि नंतर सप्टेंबर २०२४ च्या) सांगतात की वाहनमालक घरच्या चालू जोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. परिपूर्ण अर्ज आल्यावर महानगर क्षेत्रात तीन, इतर नगरपालिका क्षेत्रात सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांची मुदत त्यात आहे. मेख 'परिपूर्ण' या शब्दात आहे. मीटर बसणार सोसायटीच्या मीटर रूममध्ये, केबल जाणार सोसायटीच्या भिंतीवरून. म्हणून महावितरण व्यवहारात नाहरकत मागतेच, आणि तुम्ही फिरून समितीच्या दारात येता.

दोन वाटा आहेत. घरच्याच मीटरवरून खाली वेगळी लाइन घेतली तर दर घरगुतीच राहतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज करणाऱ्याला त्या जागेचाच दर लावला आहे. पण महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर गाडी फिरली की दीड-दोनशे युनिट वाढतात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. शिवाय मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. बिलावर पाहा, जुन्या फ्लॅटचा तो बहुधा दोन-तीन किलोवॅटच असतो. दुसरी वाट चार्जिंगच्या वेगळ्या मीटरची, तिच्या वर्गाचा दर आणि स्थिर आकार वेगळा. वर्षभराची बिलं घेऊन बसा, आकडेमोड अर्ध्या तासाची आहे. सोसायटीच्या सामायिक मीटरला मात्र परवानगीशिवाय हात लावू नका. ते प्रकरण थेट विद्युत कायद्याच्या दंडात्मक कलमांपर्यंत जातं.

आणि एक विचारू का? ७.२ किलोवॅट हवाय कशाला? रोज चाळीस किलोमीटर फिरत असाल तर सहा-सात युनिट लागतात. ३.३ किलोवॅटचा चार्जर ते दोन-अडीच तासांत भरतो, तुमच्या झोपेच्या निम्म्या वेळात. गाडीच्या आतला चार्जर किती घेतो ते पुस्तिकेत पाहा, तो ३.३ चाच असेल तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, गाडी तेवढंच घेणार. ७.२ ला बत्तीस अँपिअर लागतात, जाड तांब्याची केबल लागते, घरच्या भारासकट बेरीज वाढली की थ्री-फेजही मागे लागू शकतं. छोटी मागणी नाकारणं समितीलाही अवघड जातं. माझ्याकडे आलेल्या अशा भांडणांत वाद बऱ्याचदा या आकड्यापाशीच विरघळला आहे.

समितीच्या तीन कारणांना तोंडी उत्तर देऊ नका. परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवा, ओळखीच्या वायरमनला नको. त्याच्या परवाना क्रमांकासह एक आराखडा घ्या : मीटरपासून फक्त चार्जरसाठी स्वतंत्र सर्किट, त्याचा स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा किमान 'टाइप ए' आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), तपासलेलं अर्थिंग, पाइपातून नेलेली केबल, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच. ही माझी आवड नाही, यातल्या बहुतेक गोष्टी वरच्या त्याच सुरक्षा नियमांतल्या आहेत. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचत असेल तर सॉकेट आणखी वर घ्या. आरसीसीबीचा 'टाइप' दुकानात आवर्जून पाहा. स्वस्त 'एसी' प्रकारचा गळ्यात मारतात.

आगीचं उत्तर हा आराखडा. वर नम्रपणे विचारा की महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत द्यायचं फॉर्म 'ब' प्रमाणपत्र सोसायटीने शेवटचं कधी दिलं. सूर जपून ठेवा, पण प्रश्न विचाराच. ट्रान्सफॉर्मरचं उत्तर महावितरणचा अभियंता देईल, ते ठरवणं सेक्रेटरींच्या अखत्यारीत नाही. राहिला 'उद्या सगळेच मागतील'. हा मुद्दा मला खरा वाटतो. छत्तीस गाड्या एकाच वेळी लागल्या तर जुन्या इमारतीची मुख्य केबल पुरणार नाही. पण यावर उपाय म्हणजे सर्वसाधारण सभेत धोरण ठरवणं. पहिल्या माणसाला अडवणं हा नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, विषयपत्रिकेत हा विषय घ्या असं आत्ताच लेखी द्या.

अर्जासोबत हमीपत्र जोडा : खर्च आणि देखभाल माझी, नुकसान झाल्यास भरपाई माझी, फ्लॅट विकला तर लाइन काढून भिंत पूर्ववत करीन, दुसऱ्याला वीज देणार नाही. अर्जाची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. महिनाभर उत्तर नाही, किंवा कारण न देता नकार, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार. तिथेही अडलं तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा, सोबत अंतरिम आदेशाचा अर्ज. ती वाट लांब आहे, म्हणून मी ती शेवटी ठेवतो. नाहरकत मिळूनही महावितरणने अर्ज लटकवला तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल.

दंडाबद्दल. नुसत्या समितीच्या सहीची नोटीस पुरत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) आधी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा. यातलं काय झालं ते लेखी विचारा आणि त्याच पत्रात वायर काढल्याची तारीख लिहा. मात्र रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीदार झालात की सोसायटी वसुलीचा दाखला मागायला निबंधकांकडे जाते, आणि तुमचा चार्जरचा अर्ज तिथेच पडलेला असतो.