मुलाखतीत ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केले?’ असे विचारतात. अशा प्रश्नांची तयारी कशी करावी?

उत्तरे पाठ करण्याऐवजी आपल्या कामातले पाच-सहा खरे प्रसंग निवडून परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि निष्पत्ती या क्रमाने त्यांची टिपणे काढावीत. या चार टप्प्यांच्या इंग्रजी नावांच्या (Situation, Task, Action, Result) आद्याक्षरांवरून यालाच ‘स्टार’ पद्धत म्हणतात. माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढेही वागण्याची शक्यता अधिक, हे या प्रश्नांमागचे गृहीतक असल्याने उत्तरात सर्वाधिक वेळ कृतीला द्यावा. ‘आम्ही अहवाल वेळेत दिला’ यातून तुमचा वाटा कळतच नाही. ‘आमच्या आकड्यांत फरक येत होता, म्हणून मी मूळ पावत्या काढून सहकाऱ्यासोबत बसून ताळा केला’ यातून तो लख्ख दिसतो. नोकरीचा अनुभव नसल्यास महाविद्यालयातला प्रकल्पही चालतो, मात्र प्रसंग रचून सांगू नये, कारण दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला तपशील सुचेनासा होतो.