ब्लोअर रात्री बंद ठेवावा का?

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे. विजेचे बिल फार येते, म्हणून प्रकल्पाच्या पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर रात्रभर बंद ठेवावा, असे समितीचे मत आहे. वीज जाळून वर वायू सोडण्यापेक्षा जुनी सेप्टिक टाकीच बरी होती, असेही काही रहिवासी म्हणतात. खरे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी टाकीचे पाहू, कारण तो गैरसमज गोव्यात घरोघरी आहे. टाकीला वीज लागत नाही हे खरे. परंतु प्राणवायूविना कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन निघतो आणि तो बिलात दिसत नाही. दिवसाला 1 लाख लिटर, मध्यम तीव्रतेचे सांडपाणी धरले, तर आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या गुणकांनुसार टाकीतून सुमारे साडेसात किलो मिथेन, म्हणजेच 200 किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. तेवढ्याच पाण्यासाठी तुमच्या प्रकल्पाला 100 युनिट लागली, तरी देशातील सरासरी वीजनिर्मितीच्या हिशेबाने सुमारे 70 किलो होतात. शिवाय पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्ड्यातले पाणी शेजारच्या विहिरीकडे वळते, ते वेगळेच.

प्रकल्पाचाही एक छुपा वायू आहे. अमोनियाचे नायट्रेट आणि नायट्रेटचा नायट्रोजन होताना थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. वरच्या हिशेबात तो दिवसाला जेमतेम 100 ग्रॅम भरेल, पण शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा असल्याने त्याचे 27 किलो होतात. हवा अपुरी पडून नायट्राइट साचले की हे प्रमाण वाढते, आणि समितीचा उपाय नेमका तिकडेच नेणारा आहे. हवा थांबवणे मुळात चूक नाही. पणजीच्या टोंक प्रकल्पातील पद्धतीत हवा देणे आणि गाळ बसू देणे आलटून पालटून चालते, मात्र ते ठरवून आखलेले असते. हवेविना रात्रभर उपाशी ठेवलेला जिवाणूंचा गाळ सकाळच्या लोंढ्याला पुरा पडत नाही आणि दुर्गंधी पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचते.

विजेचा मोठा वाटा, बहुधा निम्म्याहून अधिक, ब्लोअरच खातो, तेव्हा बचतही तिथेच शोधावी. पाण्यावर मोठे, उसळणारे बुडबुडे एकाच कोपऱ्यात दिसत असतील तर डिफ्यूझर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा तळाचा सच्छिद्र भाग, फाटला आहे. तो बदलण्याचा खर्च बिलातून भरून निघू शकतो. विरघळलेला प्राणवायू मीटरने मोजून तो लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहील, अशा बेताने ब्लोअरचा वेग व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) कमी करावा.