जुन्या झाडांजवळ तळे

प्रश्न : इंदूरच्या आमच्या घरामागे कडुनिंब आणि आंब्याची जुनी झाडे आहेत. त्यांच्या सावलीत लहानसे तळे खोदले, तर मुळांना अपाय होईल का?

उत्तर : होईल. झाडाला पाणी व पोषण पुरवणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यामुळे खड्डा घेरापासून शक्य तितका दूर घ्यावा, आणि तरीही एखादे जाड मूळ आडवे आलेच, तर ते तोडण्याऐवजी तळ्याचा आकार बदलावा. शिवाय तळ्यात कुमुदिनी (पाणकमळ) लावायची असेल, तर तिलाही फुलण्यासाठी सावली नव्हे, ऊनच हवे असते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून सिमेंटचा पातळ तळ तडकण्याची भीती राहते. गवंडी काहीही म्हणोत, वाळूच्या थरावर अंथरलेले लवचीक रबरी अस्तर अधिक भरवशाचे. कुजणारी पाने पाण्यातील प्राणवायू कमी करतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की तळ्यावर जाळी ताणावी. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडावेत, मात्र ते नदीनाल्यात जाऊ देऊ नयेत.