टायटन ट्रिगरफिश डायव्हरच्या अंगावर का धावून येतो? तो राहतो कुठे आणि समोर आला तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रवाळांमधलं तुमचं हे पहिलंच डायव्हिंग आहे, आणि टायटन ट्रिगरफिश चावतो हे ऐकून धास्ती बसली आहे. एरवी हा मासा माणूस दिसला की स्वतःच बाजूला सरकतो. अंगावर येते ती बहुतेक वेळा अंडी राखणारी मादी. म्हणून तो दिसला की आधी त्याच्या खालच्या वाळूत घरटं आहे का ते बघायचं.

तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांपर्यंत तो आढळतो. उथळ लगूनपासून (प्रवाळखडकाच्या आतलं शांत पाणी) सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत कुठेही भेटेल. लांबी 75 सेंटिमीटरपर्यंत जाते. त्याला तीन गोष्टी एकमेकांच्या जवळ लागतात: कवचवाल्या प्राण्यांचं खाद्य, रात्री शिरून झोपायला कपार, आणि घरट्यासाठी वाळू किंवा प्रवाळाचा चुरा. प्रवाळभिंतीचा उतार जिथे वाळूला टेकतो तिथे हे तिन्ही मिळतं, म्हणून नजर तिथे ठेवा.

नावातला ट्रिगर, म्हणजे बंदुकीचा चाप, त्याच्या पाठीवर आहे. तिथल्या पुढच्या परात (माशाच्या पोहायच्या पंखात) तीन काटे असतात आणि एरवी ते पाठीतल्या खाचेत इतके चपखल बसतात की दिसतही नाहीत. पहिला जाड काटा उभा झाला की दुसऱ्या, लहान काट्याचं बूड त्याच्यामागे पाचरीसारखं अडकतं. मग पहिला काटा कितीही जोराने मागे दाबा, हलत नाही. दुसरा दाबला की मात्र कुलूप सुटतं. पोटाखालचं हाडही तो खाली ताणतो, त्यामुळे कपारीत वरून आणि खालून असा दोन्हीकडून घट्ट रुतून बसतो. शिकारी माशाला त्याला बाहेर ओढणं जवळपास अशक्य होतं.

पोहण्याची तऱ्हाही वेगळी. पाठीवरचा मागचा पर आणि पोटामागचा पर लाटेसारखे हलवत तो सावकाश सरकतो, जागच्या जागी थांबतो, उलटाही जातो. शेपटी जोरात मारायला लागला तर समजा आता वेग घेणार.

खाण्यात सी अर्चिन (अंगभर काटे असलेला गोल समुद्री प्राणी), खेकडे, शिंपले आणि प्रवाळसुद्धा. लांब काट्यांचा सी अर्चिन फोडताना या माशाची शरीररचना नीट कळते. अर्चिनच्या खालच्या बाजूला काटे आखूड असतात, म्हणून त्याला आधी उलटं करावं लागतं. ट्रिगरफिशच्या काही जाती तोंडाने पाण्याचा झोत मारून उलटवतात, नाहीतर एक काटा दातांत धरून वर उचलतात आणि सोडून देतात. माशाचे डोळे तोंडापासून खूप मागे आणि उंच असल्यामुळे काटे तिथवर पोचत नाहीत. टायटन तर प्रवाळाचे तुकडे तोंडाने उचलून बाजूला फेकतो. उघड्या पडलेल्या किड्यांसाठी लहान मासे त्याच्या मागे-मागे फिरत असतात.

त्याच्याकडे नुसतं संकट म्हणून बघू नये असं मला मनापासून वाटतं. केनियाच्या किनाऱ्यावर अति मासेमारीने नारिंगी पट्ट्यांचा ट्रिगरफिश कमी झाला तेव्हा सी अर्चिन बेसुमार वाढले, आणि त्यांनी प्रवाळखडक खरवडून झिजवायला सुरुवात केली.

आता घरटं. वाळूत किंवा चुऱ्यात बशीसारखा खड्डा करून त्यात अंडी चिकटवतात. अनेक जातींमध्ये अंडी घालण्याचे दिवस चंद्राच्या कलांशी जोडलेले असतात. ज्या जाती जवळून अभ्यासल्या आहेत त्यांत अंडी पहाटेच्या सुमारास घातली जातात आणि त्याच दिवशी सूर्यास्तानंतर फुटतात. तेवढे बारा-तेरा तास मादी अंड्यांवर पाणी फुंकत राहते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावते.

धावून येण्याआधी ती खुणा देते. पाठीवरचा काटा उभा होतो. ती कुशीवर कलून एका डोळ्याने तुम्हाला न्याहाळते, किंवा डोकं खाली करून घिरट्या घालते. यातली एक खूण दिसली तरी तिथून निघा, पण आडवे. डायव्हर तिचा राखीव भाग उलट्या शंकूसारखा धरतात: खाली घरटं, वर जावं तसा पसरट. सरळ वर गेलात तर तुम्ही त्या शंकूतच राहता, ती पाठलाग सोडत नाही, आणि घाबरून झपकन वर गेल्याने फुप्फुसांना इजा होण्याचा धोका वेगळाच. तळाजवळून तिच्याकडे तोंड ठेवून मागे सरका, पायातले फिन्स तिच्या आणि तुमच्या मध्ये धरा. चावायचंच झालं तर फिन्सना चावू दे. हाताने ढकलायला जाऊ नका. शिंपले फोडणारे दात बोटांना सोडत नाहीत.

चावलीच तर दातांत विष नसतं, पण जखम खोल असू शकते. डाइव्ह नेहमीच्या वेगाने संपवा, जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा, रक्त थांबेपर्यंत दाबून धरा आणि डॉक्टरांना दाखवा. समुद्रातल्या जखमा लवकर चिघळतात.

आणि कृपा करून फोटोसाठी घरट्यावर रेंगाळू नका. मादी तुमच्यामागे लागते तेवढ्या वेळात टपून बसलेले रॅस मासे अंड्यांवर तुटून पडतात.