दबक्या आवाजातली गिटार

प्रश्न : इंडी रॉकमधील (म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे निघणाऱ्या रॉक संगीतातील) आवर्जून पुन्हा ऐकावेत असे जुने अल्बम कोणते? आजवर मी मिरजेच्या मैफिलींतच गाणे ऐकत आलो आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तंबोऱ्याची जवारी ओळखणाऱ्या आपल्या कानाला मी सर्वप्रथम लुईव्हिल या अमेरिकी शहरातील ‘स्लिंट’ या चौघांच्या बँडचा ‘स्पायडरलँड’ (१९९१) सुचवेन. ‘टच अँड गो’ या छोट्या, स्वतंत्र कंपनीने काढलेल्या या अल्बममध्ये अवघी सहा गीते आहेत; त्यांतले शब्द बरेचदा गायले न जाता हलकेच बोलले जातात, गिटार दीर्घकाळ दबक्या आवाजात चालते आणि मग अचानक कल्लोळ उसळतो. अल्बम बाजारात येण्यापूर्वीच बँड फुटला होता, त्यामुळे प्रथम तो फार थोड्यांनी ऐकला. पुढे ‘पोस्ट-रॉक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, रॉकचीच वाद्ये घेऊन गाण्यापेक्षा नादाच्या पोतावर भर देणाऱ्या संगीतावर मात्र त्याची खोल छाप पडली. शेवटचे ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’ रात्री, घर शांत झाल्यावर ऐकावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

हा अल्बम फार काळोखा वाटल्यास ‘यो ला टेंगो’ या अमेरिकी बँडचा ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अ‍ॅज वन’ (१९९७) घ्यावा. तो तासाभराहून मोठा आहे, पण अधिक मायाळू आहे.