ऑगस्टात किती संघ जिवंत होते?

*ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऑफिसातल्या लोकांमुळे फँटसी बेसबॉलचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा, नाद लागला आणि वाढत गेला. गेल्या मोसमात आठ संघ होते: रोज लाइनअप (कोण खेळणार ती यादी) लावायचे तीन, आठवड्याचे चार आणि एक डायनेस्टी (खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात ती लीग). ऑफिसच्या रोजच्या लीगमध्ये दुसरा आलो, बाकी ठिकाणी मधेच कुठेतरी. आता एका मित्राने नवव्या लीगचं आमंत्रण दिलंय. बायको म्हणते, रविवारी रात्री तू घरात असून नसतोस. माझं म्हणणं, संघ जास्त असले की एखादा खेळाडू जखमी झाला तरी अख्खा मोसम वाया जात नाही. (मंडळाच्या गणपतीच्या तालमी सुरू झाल्यावर तीन संघांकडे बघणं झालं नाही, पण ते तसेही तळाला होते.) तर आठ ठेवू, नऊ करू, की पाचावर येऊ?*
*– आठांचा धनी*

अहो धनी, तुम्ही जे कंसात टाकलंत, उत्तर त्यालाच द्यायचं आहे. बाकीचं पत्र नंतर बघू.

तीन संघ तुम्ही ऑगस्टात वाऱ्यावर सोडलेत. "तसेही तळाला होते" हे तुमच्यापुरतं ठीक. पण त्या प्रत्येक लीगमध्ये आणखी अकरा-चौदा माणसं होती आणि त्यांचा मोसम सप्टेंबरअखेरपर्यंत चालू होता. ज्यांची फँटसीशी ओळख एका क्रिकेट मॅचपुरत्या संघाची आहे, त्यांना यात एवढं काय असं वाटेल. तिथे रात्री हिशेब मिटतो. इथे 162 सामन्यांचा मोसम मार्चअखेरपासून सहा महिने चालतो आणि तुमचा संघ शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या गुणतक्त्यात बसलेला असतो, तुम्ही बघा किंवा बघू नका.

तो तिथे नुसता बसत नाही, निकाल बिघडवतो. बारा जणांची साधी रोटो लीग घ्या, म्हणजे मोसमभराच्या आकड्यांच्या क्रमवारीवर गुण देणारी. वेगवेगळ्या आकडेवारीचे दहा रकाने, प्रत्येकात पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. तुमचा संघ स्टील्समध्ये (पळून चोरलेले बेस) 118 वर आहे. पळणारे तुमचे दोन बॅटर आयएलवर (जखमींच्या यादीत) गेले, एकाला मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवलं, आणि तुम्ही त्यांच्या जागी कुणालाच घेतलं नाही. म्हणजे आकडा तिथेच रेंगाळणार. वर पहिल्या नंबरसाठी दोघांची झुंज आहे. एकाचे स्टील्स 131, तो आधीच तुमच्या पुढे. दुसऱ्याचे 114. दुसरा तुम्हाला आरामात ओलांडतो आणि एक गुण खिशात घालतो. पहिल्याला तुमच्या झोपेतून दमडी मिळत नाही. रोटो लीग अर्ध्या गुणानेही सुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ईआरएची (पिचरच्या खात्यावर नऊ डावांमागे पडणाऱ्या धावा, कमी तितक्या चांगल्या) तऱ्हा याहून वाईट. तुमचे तीन स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, आयएलवर, लाइनअपमध्ये तसेच. ते चेंडूच टाकत नाहीत म्हणून त्यांना मारही पडत नाही. तुमचा 3.45 जवळपास जागेवर थिजला. ज्याचा 3.47 आहे, त्या बिचाऱ्याला स्ट्राइकआउट आणि विजयांसाठी रोज कोणीतरी उतरवावं लागतं, एका खराब डावात त्याचा आकडा वर जातो, आणि तुम्ही काहीही न करता त्याच्या पुढे राहता. लीगमध्ये किमान डावांची अट नसेल तर याला इलाजही नाही.

हेड-टू-हेडमध्ये, जिथे दर आठवड्याला एकाच संघाशी गाठ पडते, तर उघड अन्याय. मे महिन्यात ज्याची गाठ तुमच्याशी पडली, त्याला जागा माणूस भेटला. प्लेऑफच्या आदल्या आठवड्यात ज्याची पडली, त्याला फुकटचा विजय. ज्याचं तिकीट त्या एका विजयाने हुकलं, तो तुमच्याबद्दल काय बोलला असेल ते कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) विचारा.

आणि तुमच्या बेंचवर अडकलेले खेळाडू! जुलैअखेरीच्या आसपास खऱ्या लीगमधल्या ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपते. त्या दोन-चार दिवसांत क्लोजरांची उलथापालथ होते: नववा डाव सांभाळणारा बलाढ्य संघात जातो, तिथे आठवा टाकतो आणि त्याच्या सेव्ह्ज (शेवटी आघाडी राखल्याबद्दलचे आकडे) आटतात. मागे राहिलेल्या संघात कालपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसलेला पिचर क्लोजर होतो. तो जर तुमच्या बेंचवर पडून असेल, तर मोसम संपेपर्यंत त्याच्यावर कोणी बोलीही (मोकळा खेळाडू घ्यायला मोसमाच्या ठरलेल्या रकमेतून लावायची) लावू शकत नाही. डायनेस्टीत हे दुखणं पुढच्या वर्षात जातं. सप्टेंबरात खऱ्या संघांचा रोस्टर (खेळाडूंची यादी) 26 वरून 28 होतो, हरलेले संघ पोरांना खेळवून बघतात, आणि नेमकं तेव्हाच कळतं की कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं. त्या महिन्यात मालकच नसलेला संघ पुढे कुणालाही नको असतो.

म्हणून आठ, नऊ की पाच, हा हिशेब फेब्रुवारीत मांडायचाच नाही. फेब्रुवारीत सगळ्यांनाच आठ पेलतात. हात शिवशिवत असतात, सामने नसतात, नुसत्या याद्या करायच्या असतात. ऑगस्टचा तिसरा आठवडा डोळ्यांपुढे आणा. फँटसी फुटबॉलचे ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू निवडायचे) सुरू झालेले असतात आणि अर्धी अमेरिका तिकडे वळलेली असते. मुलांच्या शाळा उघडायच्या असतात. तुमच्या शनिवार-रविवारी नाटुकलीच्या आणि लेझीमच्या तालमी, आणि आठवड्याच्या लीगच्या बोल्याही रविवारी रात्रीच बंद होतात. गणपती यंदाही येणार आहेत. तुम्ही कार्यक्रमपत्रिका छापण्यात गुंतणार, हेही ठरलेलं आहे.

आता वेळ मोजू, कारण आठ संघांचा खर्च तुम्ही कधी बेरीज करून पाहिलेला दिसत नाही. रोजच्या संघाला दिवसाला बारा मिनिटं धरा. खरे लाइनअप सामन्याआधी तीन-चार तास जाहीर होतात, ते बघून कोण बसला, कोण खेळतोय हे बदलायचं, शिवाय बुध-गुरुवारी दुपारी सामने असतात ते वेगळेच. संध्याकाळी सातच्या सवयीने बसलात की तोवर चार बॅटरांचा दिवस संपलेला असतो. आठवड्याला झाले 84 मिनिटं, तीन संघांचे चार तासांच्या वर. आठवड्याच्या संघाला रविवारच्या बोल्यांना 50, सोमवारी त्या आठवड्यात दोनदा उतरणारे पिचर शोधून लाइनअप लावायला 20, शुक्रवारी बॅटर बदलायची मुभा असेल तर 10. अशा चार संघांचे पाच तास वीस मिनिटं. डायनेस्टीचा एक तास. मिळून आठवड्याला साडेदहा तास, आणि मोसम साधारण 26 आठवड्यांचा. दोनशे सत्तर तासांवर जातं हे. त्यातून वर्षाकाठी एक दुसरा नंबर.

जखमी खेळाडूंची तुमची सबब मला पटत नाही. आठ संघांसाठी आठ वेगळ्या याद्या करता का? नाही. एकच तक्ता, आठ ड्राफ्ट. पहिल्या फेरीत नंबर नशिबाने मिळतो म्हणून तिथे नावं बदलतात. आठव्या फेरीनंतर मात्र सगळीकडे तुमचे तेच लाडके. 2024 मध्ये अॅटलांटाचा पिचर स्पेन्सर स्ट्रायडर दोन सामने टाकून मोसमाला मुकला, मे महिन्यात त्याच संघाचा बॅटर रोनाल्ड अकुन्याचा गुडघा गेला. तक्त्यात अॅटलांटा वर ठेवणाऱ्यांची धूळधाण सगळ्या संघांत एकदम झाली. आणि एखाद्या क्लोजरची जागा गेली की आठ लीगमध्ये आठ बोल्या, प्रत्येकीत शिल्लक रक्कम वेगळी. कुठे मोसमाला 100 डॉलर, कुठे 1000. नियमांचा घोळ निराळाच. एका ठिकाणी पाच सामने सुरुवातीपासून खेळला की खेळाडूला मैदानावरच्या नव्या जागेवर लावता येतं, दुसरीकडे मागच्या वर्षीचे वीस लागतात. बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा ओहतानी कुठे एकच माणूस, कुठे बॅटर वेगळा आणि पिचर वेगळा. एका लीगला पिचरांच्या 1400 डावांची मर्यादा, दुसरीला कसलीच नाही. यातली एक गोष्ट उलटी लक्षात राहिली की झाली चूक, आणि ती कळते आठवडा उलटल्यावर.

तर तीन. पाच नाही. पाच हा आकडा तुम्ही गेल्या ऑगस्टात उरलेल्यांवरून काढलाय, पण त्या पाचांतले चार "मधेच कुठेतरी" होते.

ऑफिसची रोजची लीग ठेवा. तिथे दुसरे आलात आणि ती माणसं रोज समोर असतात, त्यामुळे तिथे झोपणं तुम्हाला जमणार नाही. आठवड्याच्या चारांतल्या दोन ठेवा, पण अशाच की ज्यांत संघांची संख्या, गुणपद्धत आणि बोली बंद व्हायची वेळ एक आहे. मग रविवारचा अभ्यास एकदाच करावा लागतो. पहिल्या संघाला 80 मिनिटं, दुसऱ्याला चाळीसच्या आसपास. सगळं मिळून आठवड्याला साडेतीन तासांच्या आत. यातला अर्धा अभ्यास शनिवारी रात्री उरका: कोणावर बोली, किती, आणि त्या बदल्यात कोणाला सोडायचं, हे लिहून ठेवा. रविवारी फक्त दुपारच्या सामन्यांत कोण लंगडला तेवढं बघून आकडे हलवा. तरीही रविवारी रात्रीचा एक तास जाणार. तो जाणार हे घरी आजच सांगून टाका. "आता सगळं कमी केलंय" अशा गुळमुळीत आश्वासनावर पुढच्या भांडणाची तयारी करू नका. तुमच्या बायकोच्या बाजूने याहून जास्त मी बोलणार नाही. त्या तुमच्याशी रोज बोलतात. ज्यांच्या लीग तुम्ही बिघडवल्यात, ते तुमच्याशी बोललेलेच नाहीत.

म्हणून आज रात्री, ड्राफ्टची यादी उघडण्याआधी, पाच कमिशनरांना पाच निरोप जायला हवेत. प्रत्येकाला वेगळा. ज्या तिघांचे संघ सोडून दिले होतेत, त्यांच्या निरोपात पहिलं वाक्य तेच असू दे: "गेल्या ऑगस्टनंतर मी संघाकडे बघितलं नाही, त्याचा इतरांना त्रास झाला असणार, माफ करा." मग: "यंदा मी नाही, माझ्या जागी दुसरा माणूस बघा." कामाचा ताण, तब्येत, मुलांच्या परीक्षा, काही लिहू नका. बदली माणूस शोधायला कमिशनरला चार आठवडे तरी लागतात आणि कीपर लीगमध्ये कोणाला राखणार ते मार्चमध्ये कळवावं लागतं, म्हणून पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

डायनेस्टीच्या कमिशनरला जास्त द्यायचंय. पूर्ण रोस्टर, कोणाचा करार किती वर्षांचा, पुढच्या ड्राफ्टमधले कोणते नंबर तुमच्याकडे आहेत आणि कोणते तुम्ही आधीच विकून बसलाय, हे एका कागदावर. आणि आता सोडतोच आहे तर जाता जाता एक ट्रेड करून टाकू, हा मोह आवरा. निघालेल्या मालकाचा ट्रेड कोणालाही संशयास्पदच वाटतो, आणि मागे राहिलेला संघ आणखी भंगार होतो. यंदाची वर्गणी भरली असेल तर परत मागू नका, नव्या माणसाच्या नावावर लावायला सांगा. गिऱ्हाईक नसलेला संघ त्याशिवाय खपत नाही.

मित्राच्या नवव्या लीगला नाही म्हणा. शिवाय मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी "एकच माणूस कमी पडतोय रे" म्हणत येईल, दर वर्षी येतो, त्यालाही नाही. ड्राफ्टची खाज तीन संघांनी भागणार नाही हे मला दिसतंय, तेव्हा त्यासाठी बेस्ट बॉल खेळा. ड्राफ्ट एकदा करायचा, पुढे दर आठवड्याला ज्यांचे गुण जास्त ते आपोआप मोजले जातात. लाइनअप नाही, बोली नाही, आणि तुम्ही आरतीला उभे असताना कुणाचं नुकसान नाही. फक्त तिथे मोसमात बदली खेळाडू घेता येत नाही, म्हणून पिचर एरवीपेक्षा दोन जास्त उचला, आणि कॅचर घ्यावाच लागत असेल तर एकावर थांबू नका.